लाल चिंधीची राखन

माहं नाव पंचफुला. आता सारे मले पंचामाय म्हनतेत, लेकरं बी म्हनतेत, डाक्टर बी म्हनतेत, आन ज्यायले म्या काठी हानली ते बी समोर पंचामायच म्हनतेत, मांगून काय म्हनतेत ते तुमी लिहू नका. मी पातूरकडची, माळ्याची पोर. आमच्या वावरात वांगे, भेदरं, मेथी, सांबार म्हनजे तुमची कोथिंबीर, असं बाराही महिने हिरवं राहे, आन हिरवं राह्यलं का खानारे येतेतच, दिवसा वांदरं आन दिवस बुडाला का रानडुकरं, डोंगरातून टोळीच्या टोळी उतरे. माया बापाले पोरगा नोहता, तं त्यानं मलेच राखनीले बसवलं, हातात गोफन देल्ली आन सांगे, पंचे, राखनदारानं रडू नाई, हानाव. एकडाव सकाय होऊन राहिली होती, धुकं पडेल होतं, आन वांग्याच्या वाफ्यातून एक डुक्कर उठलं ते सिद्दं बापावर, मांडी फाडली त्याची, इतकी का आतलं पांढरं दिसे. मी तवा परकरातली पोर, म्या गोफन फेकली, जवय टिकास पडेल होतं ते उचललं आन घातलं त्याच्या डोक्शात, एकडाव नाई, ते पडल्यावर बी हानतच राह्यली, बाप वरडे, बस व पंचे, मेलं ते, मेलं, पन माया हात थांबेच ना. तवापासून ते माया आंगात हाये. लोक म्हनतेत राग वाईट, असन बा, पन माया बाप त्याच्या पुढं गंज वर्स लंगडत का होईना जगला.

मंग मले मूर्तिजापूरले देल्लं. नवरा जिनिंगवर हमाल, दिवसभर कापसाचे बोद उचले आन सांजच्याले पेये, आन पेला का मारे. मी मार खाल्ला, खोटं कायले सांगू, पयले पयले मी बी खाल्ला, माय म्हने नवरा हाये, मारीन नाई तं काय पूजा करीन. पन पोरगी पोटात होती न, तवा त्यानं लाथ घातली, पोटात, अशी हिशोबानं. म्या दाराशी बंडीची उभारी, कडेचा लाकडी दांडा, टेकून ठेवेल होती ते घेतली, आन त्याच्या खांद्यावर अशी बसवली का हाड वाजलं, बाजूच्या घरापावतर आयकू गेलं. माय धावत आली पातूरहून, म्हने, नवऱ्यावर हात उचलला व, पाप लागते. म्या म्हनलं, लागू दे, त्याचा खांदाच मोडला न, माया पोटातला जीव जाऊन राहिला होता. नवरा गेला तो गेलाच, कोनी म्हने सुरतेले हाये, कोनी म्हने मेला. पोरगी वाचली, अकोल्याले देल्ली हाये, तिचे लेकरं शाळेत जातेत.

मी पोरीले घेऊन अमरावतीले आली आन भाजीबाजारात बसली, आमचं रक्तच भाजीचं. बाजारात काय हाये, जागा हाये तं धंदा हाये, आन बाईची जागा तं सारेच खाले पाहतेत. एक दलाल होता, तो रोज सकायी माया जागेवर आपले टमाटरचे क्यारेट ठेवे, मी रोज सरकवो, तो रोज ठेवे, आन एक दिवस त्यानं मायी मेथीची जुडी पायानं रगडली. आता मेथी म्हनजे आमच्यासाठी लेकरू हाये, पाय लावाव का तिले? माया हातात तराजूतलं किलोचं वजन होतं, गोफनीचा हात, काय चुकते तो, कपायावर बसलं, रगत असं उडालं का बाजूचे मुये पांढरे होते ते लाल झाले. तवा समोर एक म्याडम पालक घेऊन राहिल्या होत्या, रोजच्याच गिऱ्हाईक, त्या भ्याल्या नाई का पयाल्या नाई, त्या दलालाले रिक्षात टाकून दवाखान्यात नेलं त्यायनं, आन परत आल्या, म्हने, पंचफुलाबाई, आमच्या दारावर राखनीले येता का. म्या म्हनलं, कायची राखन, संत्र्याचा बगीचा हाये का? तं म्हने, लेकरायची.

तं हे ते घर. मोठ्या दवाखान्याच्या मांगच्या गल्लीत. ज्या लेकरायले क्यान्सर झाला, रक्ताचा, हाडाचा, डोयाचा, आन गाव दूर हाये, तिकडं दर्यापूर, इकडं बाळापूर, ते लेकरं आन त्यायच्या माया इथी राहतेत, सलाईन घ्याले दवाखान्यात जातेत आन परत येतेत. काय सांगू तुमाले, पयले मले वाटे हे घर म्हनजे रडारड असन. रडारड कमी, मारामारी जादा. ते औषध हाये न, ते रोगाले मारते पन रक्तातल्या चांगल्या पेशी बी मारते, पांढऱ्या पेशी, ज्या आजाराशी लढतेत. डाक्टरनं मले समजावून सांगतलं तं म्या म्हनलं, म्हनजे डाक्टरसाहेब, कुंपन जळलं, राखनदार मेला, आन डुकरं धुऱ्यावर, बांधावर उभे हायेत. डाक्टर हसला, म्हने, हो, तसंच.

आता डुकरं कोन, तं आपलेच लोक. आमच्या वऱ्हाडात मानूस बिमार पडला का भेटाले जा लागते, नाई गेलं तं नातं तुटलं समजा. एखादं लेकरू दवाखान्यात हाये म्हनलं का सारं गाव काळीपिवळी जीप करून येते, केये आनतेत, बिस्किटचे पुडे आनतेत, अंगारा आनतेत, कोनी गालाचा मुका घेईन, कोनी पदरानं नाक पुसीन, आन त्यायच्यातला एक हमखास खोकलून राहिला असन. माया असते लेकराची, माया खोटी नसते, पन त्या मायेनंच लेकरू मरते. म्हनून आमच्या घराचा कायदा हाये, ज्या लेकराच्या पेशी उतरल्या त्याच्या खोलीच्या कडीले लाल चिंधी बांधाची. लाल चिंधी दिसली का आत फक्त माय, हात धुवून, बाकी देव बी आला तं बाहेर. आन फाटकावर मी, माया बापाची काठी घेऊन.

हा कायदा पयले नोहता बरं. मी नवीन होती तवा भातकुलीकडचा एक पोट्टा होता, करन, नऊ वर्साचा, भल्ला गोड, मले म्हने, पंचामाय, मी बरा झालो का तुमच्या त्या दलालाले मीच मारतो. त्याच्या पेशी उतरेल होत्या आन दिवाईले त्याची आत्या आपल्या पोराले घेऊन आली. त्या पोराले माता निंघेल होती, तुमी शयरात कांजन्या म्हनता, आमी माता म्हनतो, देवी पाहुनी आली म्हनतो, मंग डाक्टर नाई, सुई नाई, लिंबाचा पाला, दहीभात, आन माता आपली आपन निंघून जाते. चांगल्या लेकराच्या आंगातून जाते बी. करनच्या आंगातून नाई गेली. त्याच्या फोडातून रगत आलं, तोंडात फोड, डोयात फोड, छातीत बी उतरले म्हने, श्वास घेतानी असा घर्र घर्र आवाज, आन शेवटी त्यानं मायेचा हात इतका दाबला का तिची बांगडी फुटली तिच्या मनगटात. त्याची माय याच फाटकावर डोक्सं आपटे, हे जे पोचेल हाये न, हे तिच्या डोक्श्यानं पोचेल हाये, म्या सरळ करू देल्लं नाई. त्या दिवसापासून कोनतंबी पाहुन्याचं लेकरू आलं का मी त्याचा सदरा वर करतो, पोट पाहतो, मान पाहतो, मंगच बोलतो. लोकायले राग येते. येऊ दे.

हां, वैशूचं सांगतो. तुमी तिच्यासाठीच आल्या न. वैष्णवी नाव, अकरावं लागलं होतं, मूर्तिजापूरकडची, घरी काळी जमीन, मोठं खटलं. बाप वसंता, गरीब गाय, माय सविता, त्याच्यापेक्षा गरीब. घरात चाले वसंताच्या मोठ्या भावाचं, देवराव त्याचं नाव, सहा फुटाचा गडी, त्याची थापड सात गावात माहीत. सविता त्याच्यासमोर तोंड नाई उघडे, आमच्याकडं भासऱ्यासमोर, म्हनजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बाई बोलत नाई, त्याची सावली आली तरी पदर खाल्ते ओढून बाजूले होते. लग्न झाल्यापासून त्या बाईचा आवाज देवरावानं आयकेल नोहता.

वैशूले रक्ताचा होता. सुरवातीच्या त्या गोळ्या असतेत न, त्यायनं लेकरू फुगते, भूक लागते अशी का दर घंट्याले जेवन पाह्यजे, आन राग, बापरे, राग असा का वाघीन. ताट फेके, मायेले नखं मारे. एक दिवस सविताच्या केसायले धरून तिचं डोक्सं भितीवर आपटाले लागली, मी सोडवाले गेली तं माया हातात दात रोवले, हे पाहा, वन अजून हाये. सविता रडे, म्हने, माही पोरगी अशी नोहती व. म्या म्हनलं, आता हाये न, मंग रागाले काम देऊ. मांगच्या आंगनात म्या एक फुटकी टीन टांगली आन तिले गोफन फिरवाले शिकवली, तोंडाले फडकं, हात धुवून, आन दगड बी गरम पान्यातून काढून देवो, म्याडम हसे. पयले चार दगड स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आले, एक वरनाच्या गंजात पडला. मंग जमलं. टन्न वाजली टीन का पोट्टीचा चेहरा असा उघडे. तोंडात फोड आले तं तिले तिखट चालेना, आमच्या वऱ्हाडी जिभेले फिक्कं वरन म्हनजे शिक्षा, थुके माया आंगावर, आन मी दुसरी वाटी घेऊन परत बसो. केस गेले त्या दिवशी तिनं आरसा फोडला. म्या म्हनलं, फोड, अजून एक हाये.

मंग तो दिवस. तिच्या पेशी पार खाल्ते गेल्या होत्या, कडीले लाल चिंधी, म्याडम नागपूरले. दुपारी काळीपिवळी येऊन थांबली आन त्यातून सारं खटलं उतरलं, बाया, मानसं, बुढे, समोर देवराव पांढरी टोपी घालून, त्याच्या मांगं त्याची बायको कमल, हातात पितळी डबा, वर लिंबाचा पाला, आन कडेवर चार वर्साचं पोरगं, सोनू. इतक्या उन्हात पोराच्या डोक्शावर कानटोपी आन गयाले मफलर. माया डोक्शात तवाच ठन्न वाजलं. म्या म्हनलं, बाई, पोराले खाल्ते ठेव, सदरा वर कर. ते म्हने, काई नाई व, सोनूले माता निंघेल होती, आता शांत झाली, तिच्या निरोपाचा दहीभात आनला. वैशूच्या तोंडाले घास लावतो आन सोनूचा हात तिच्या डोक्शावर ठेवतो, ताजी माता हाये, तिची नजर पडली तं वैशूचा बी रोग घेऊन जाईन. तुमाले सांगतो, ते बाई हे इतक्या मायेनं सांगून राहिली होती का माया अंगावर काटा आला. म्या मफलर ओढला. काई फोड सुकेल होते, आन काई अजून पान्यानं भरेल, चकचकीत.

म्या फाटक लावलं आन समोर उभी राह्यली. म्हनलं, हे पोरगं आत नाई जात, हा डबा आत नाई जात, तुमी कोनीच जात नाई. देवराव समोर आला, म्हने, माया घरच्या पोरीले भेटाले मले भाजीवालीले इचारा लागते का? म्या म्हनलं, लागते. त्यानं मांगचं पुढचं पाह्यलंच नाई, अशी थापड लावली का माया दाढेचा तुकडा जिभेवर आला. मी थुकली आन काठी फिरवली, टोंगळ्याच्या खाल्ते, नडगीवर, सारा जीव लावून. काडकन वाजलं. सहा फुटाचा मानूस बुडातून तुटल्यासारखा खाल्ते आला. मंग काय इचारता, सारे वरडून राहिले, कोनी माहे केस धरले, कोनी पाठीत बुक्की, मी काठी फिरवतच हाये, एका बुढ्याची टोपी उडाली, आन त्या धकाबुकीत ड्रायव्हरनं जीपातली लोखंडाची टामी आनली आन माया डाव्या हातावर घातली. हात लटकला. दुखलं नाई, खोटं कायले सांगू, तवा काईच दुखलं नाई, कावून का मले तेवढ्यात दिसलं, कमल तिथी नाई आन सोनू बी नाई.

ते स्वयंपाकघराच्या दारातून गेली होती. मी धावली, हात असा झुलते. खोलीचं दार उघडं, चिंधी कडीले लोंबकते, आत सविता भितीले चिपकून उभी, जेठानीले अडवाची कशी, तोंडातून शब्द निंघेना, आन पलंगावर सोनू वैशूच्या मांडीवर बसेल, आन कमलच्या बोटात दहीभाताचा घास, वैशूच्या ओठाजवय. वैशू तोंड घट्ट दाबून मान हालवून राहिली होती. म्या कमलचा अंबाडा धरला, एका हातानं, आन तिले तशीच वढत बाहेर काढली, डबा पडला, भात साऱ्या घरात, सोनूले बगलेत मारलं, ते बिचारं किंचाळे, त्याचा काय गुन्हा होता, पन तवा मले तो पोरगा नोहता दिसत, मले करनच्या तोंडातले फोड दिसत होते. भात तुडवला गेला तं बाहेर सारे बोंबलले, मातेचा परसाद लाथाडला, आता हे घर जळन, इच्या तोंडात किडे पडतीन. गोटे आले, खिडक्या फुटल्या. म्या लेकरायले पलंगाखाली घातलं, फाटकाले कडी लावली आन त्याले पाठ लावून बसली, पोलीस येयलोक. पलंगाखालून एका भेलेल्या लेकरानं वरडून मले इचारलं, पंचामाय, आपन जितलो का.

जितलो कुठी. पोरगं मांडीवर बसेल होतं, हवा लागेल होती. डाक्टर म्हने, एक सुई हाये, नागपूरहून आना लागते, जितक्या लवकर देल्ली तितकं चांगलं, पन घरच्यायची हो पाह्यजे. आता पाहा कसं असते, दवाखान्याच्या एकाच वऱ्हांड्यात एका बाकावर मी, हात गयात बांधून, आन समोर स्ट्रेचरवर देवराव, पायाले फळ्या बांधून, आन मधात वसंता आन सविता. देवराव पडल्या पडल्या म्हने, सुई नाई टोचाची. माता पोरीच्या आंगावरून गेली, आता सुई लावली तं कोपन, साऱ्या घरावर कोपन. गाडी बोलवा, पोरगी घरी न्या. डाक्टरनं वसंताकडं पाह्यलं, वसंतानं भावाकडं पाह्यलं आन मान खाल्ते घातली. म्हने, दादा म्हनन तसं.

मी उठूनच राहिली होती. पन माया आंधी सविता उठली. तिनं वसंताची कालर धरली आन त्याच्या तोंडावर एक देल्ली, मंग दुसरी, त्या वऱ्हांड्यात असा आवाज घुमला का नर्सबाया धावल्या. मंग ते स्ट्रेचरकडं वळली. डोक्श्यावरचा पदर पडेल होता, तिनं उचललाच नाई. म्हने, भाऊजी, बारा वर्स झाले तुमच्या घरात, म्या तोंड उघडलं नाई. मातेले मी हात जोडतो, पन माही पोरगी तिले नाई देत. सुईले नाई म्हनसान तं तुमचा दुसरा पाय मी मोडीन, पंचामायची काठी बाहेरच ठेवेल हाये. देवराव तिच्याकडं असा पाहत राह्यला जसं घराच्या भिंतीनं बोलाव. सविता डाक्टरले म्हने, कुठी सही कराची, मी माय हाये. मले इतकं रडू आलं न तवा, बाप म्हने राखनदारानं रडू नाई, पन मी रडली.

सुई देल्ली. मंग वाट पाहा, डाक्टर म्हने निंघाली तं दोन-तीन हप्त्यात निंघन. ते दिवस माया वैऱ्याले बी न येवोत. मी रोज सकायी वैशूचा सदरा वर करो, पोट पाहो, मान पाहो. आन एका सकायी मानेवर एक दिसला, मंग सांजलोक दहा-वीस. दवाखान्यात काचेच्या खोलीत नेलं, ताप असा का हात ठेवला तं चटका बसे, बरळे, म्हने पंचामाय डुकरं आले, हान. मी काचेबाहेरून म्हनो, हानतो, तू झोप.

तवा देवराव आला, काखेत काठी, पाय पिलास्टरात, संगं कमल. त्यानं काचेतून पाह्यलं. गंज वेळ पाह्यलं. पोट्टीचं टक्कल, त्याच्यावर फोड, ओठ सुजेल. डाक्टरनं त्याले साफ सांगतलं हे कुठून आलं. कमल खाल्ते बसली, कपाय बडवे, म्हने, म्या मारली व पोरीले, माया हातानं घास घेऊन गेली मी. आन देवराव वळला आन कमलले हानाले त्यानं काखेतली काठी उचलली. म्या ते काठी वरच्यावर धरली, माया एकच हात होता. म्हनलं, तिले कायले मारतं? तिनं मायेनं आनलं होतं. मले हान, तिले नको मारू. ज्या बाईचा अंबाडा धरून म्या फरफटत नेलं तिच्यापुढं मीच उभी राह्यली, पाहा कसं असते मानसाचं. त्यानं काठी सोडली. मंग तो बी खाल्ते बसला, मोडका पाय लांब करून, आन एवढा सहा फुटाचा गडी लेकरावानी रडला.

वैशू वाचली. डाक्टर म्हने सुईनं वाचली, नाई तं जड होतं. कमल म्हनते मातेनं सोडली. मी म्हनतो, तिनं तोंड घट्ट दाबून घास घेतला नाई न, तो पोट्टीचा कस हाये, तोच कस तापातून बी घेऊन आला. कोनाचं खरं, मले काय करा लागते. मोठे सलाईन झाले, आता घरी राहून गोळ्या खाते, तपासाले येते, केस आले हायेत, कुरये आले, पयले सरळ होते. डाक्टर म्हनते अजून काई वर्स पाहा लागन, मंग म्हनू बरी. मी बी तेच म्हनतो, पीक घरी येयलोक राखन सोडू नाई.

कोर्टातली केस चालूच हाये. देवरावानं मायावर केली, म्या त्याच्यावर आन ड्रायव्हरवर, तारखेले कोर्टात आमी एकाच बाकावर बसतो, तो लंगडत येते, माया हात वाकडा जुडला. मागच्या तारखेले त्यानं मले आपल्या डब्यातली पाटवडी देल्ली, म्या खाल्ली. म्या इचारलं, देवरावभाऊ, केस माघारी घेतं का? तं म्हने, नाई, पाय मोडला माया, ते येगळं आन हे येगळं. म्या म्हनलं, मी बी नाई घेत. मानूस पक्का हाये, मले आवडला.

आन आता हे आयका, याच्यासाठी मी तुमाले बसवून ठेवलं. उन्हायात वैशूच्या गोळ्या बदलल्या आन घरी असतानीच तिच्या पेशी खाल्ते गेल्या. सवितानं घराच्या कडीले लाल चिंधी बांधली, इथून नेलेली. आन गावात लगन होतं, साऱ्या सोयऱ्यायची गर्दी, जो तो म्हने चला वैशूले पाहून येऊ. मले वैशूचा फोन आला, हसू आवरे ना तिले, म्हने पंचामाय, मोठ्या बाबानं, देवरावाले ते मोठा बाबा म्हनते, दारात खाट टाकली, काठी घेऊन बसला, कमल मोठीमायचा बाप आला मले भेटाले, खोकलत होता, ऐकेना, म्हने मी पोरीचा आजा लागतो, तं मोठ्या बाबानं त्याच्या पिंढरीवर एक ठेवून देल्ली. सख्ख्या सासऱ्याले व, पंचामाय! लगनाच्या घरी बोंबाबोंब. मोठा बाबा म्हने, जावई म्हना नाई तं कसाई म्हना, लाल चिंधी हाये, आत जायाचं नाई. म्या म्हनलं, आन तू काय करत होतं व? तं म्हने, मी बी खिडकीत होती, गोफन घेऊन.

काय सांगू तुमाले, त्या दिवशी मी पोटभर जेवली. आज तीन खोल्यायले चिंधी हाये, सकायपासून दोन काळीपिवळ्या परत पाठवल्या, एकीतली बाई मले श्राप देऊन गेली. देऊ दे. श्राप माया आंगावर पडू दे, गोटे पडू दे, लेकरायच्या खिडकीलोक नको याले. पाऊस आला का हात ठनकते, उचलल्या जात नाई पुरा. पन लेकराहो, तुमी जगा, मोठे व्हा, लगनं करा, आन पंचामायच्या हाताची चिंता करू नका, काठीचा हात उजवा हाये.